तरोट्याची भाजी आणि 'बहात्तर'चा दुष्काळ

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की बांधावर तरोटा उगवतो. कोकणात ह्यालाच टाकळा म्हणतात. कोवळा पाला, लसूण, मिरची, वरून थोडी भिजवलेली डाळ. हल्ली रानभाज्यांच्या महोत्सवांत ही भाजी कौतुकाने मांडलेली असते. मीही एका जून महिन्यात गावी गेल्यावर हौसेने तरोटा खुडून आणला. आजी म्हणाली, "तूच कर न् तूच खा. मला नको."

का नको, हे विचारल्यावर उत्तर आलं, "बहात्तरच्या दुष्काळात लई खाल्ला."

इथे माझ्यातला संशोधक अडला. १९७२ साली पाऊसच नव्हता, मग तरोटा 'लई' कुठून आला? पहिला विचार हाच, की आजीची आठवण चुकतेय. मौखिक इतिहासात आपण सगळे ही घाई करतो: कागदाशी जुळलं नाही की आठवण खोटी.

मग मी साल विचारणं सोडलं आणि बाकीचं विचारलं. भाजीसोबत काय असायचं? "मिलोची भाकर." म्हणजे अमेरिकेतून आयात केलेली लालसर ज्वारी. "थापताना फाटायची." तेव्हा काका केवढा होता? "रांगत होता." काकाचा जन्म १९७२च्या दिवाळीनंतरचा. म्हणजे आजी सांगत होती तो काळ १९७३चा आषाढ! पाऊस परतला होता, रान हिरवं झालं होतं आणि घरात दाणा नव्हता.

कागदपत्रांत दुष्काळ दिसतो तो प्रामुख्याने कामांच्या आकड्यांतून. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास लोक होते. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, कामावर वाटली जाणारी सुकडी. पाऊस आला की लोक शेतावर परततात, आकडे उतरतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, संपलं. पण पेरलेलं लगेच थोडंच खाता येतं? खरिपाचा दाणा हाती यायला भाद्रपद-आश्विन उजाडतो. मधले तीन महिने पोटाला काय, ते आजीच्या नकारात होतं. तिच्या लेखी 'बहात्तर' हे वर्ष नव्हतं. नवा दाणा घरात येईपर्यंतचा तो सगळा काळ होता.

ह्यातून 'ऋतूप्रमाणे खाणं' ह्या शब्दांकडे मी वेगळं बघायला लागलो. ऋतूत काय उगवतं हा अर्धा प्रश्न झाला. कणगीत काय संपलंय, हा उरलेला अर्धा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतीविषयक खंड १८८६चा. त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा स्वतंत्र भाग आहे. १८७६-७८चा मोठा दुष्काळ तेव्हा ताजा होता. उलट कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७०चं, म्हणजे ह्या दुष्काळाच्या जेमतेम दोन वर्षं आधीचं. वाटी-चमच्याचं माप गृहीत धरायला डबा भरलेला लागतो. दोन्ही साधनं खरी आहेत, फक्त दोन्हींची स्वयंपाकघरं वेगळी.

तुम्ही घरातल्या खाण्यावर काम करणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. "तेव्हा काय खायचात?" एवढ्यावर थांबू नका, कोणत्या महिन्यात, कोण आणायचं, शेवटी कोण जेवायचं, हे विचारा. साल विचारण्याऐवजी लग्न, बाळंतपण, बैल विकला तो दिवस, असं काहीतरी पकडा. आणि न आवडणाऱ्या पदार्थांची यादी जरूर करा. आवडीच्या पदार्थांबद्दल लोक भरभरून बोलतात, नावडीचं कारण मात्र विचारल्याशिवाय निघत नाही.

त्या दिवशी भाजी मी एकट्यानेच खाल्ली. चांगली झाली होती. आजीने पिठलं केलं.