आईचे थेंब, माझे थेंब



माझ्या आईला काचबिंदू होता. १९८५च्या सुमारास आमच्या सांगलीच्या घरी तिच्यासाठी पायलोकार्पिनचे थेंब असत, दिवसातून चार वेळा. घातले की डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होई, तिला अंधुक दिसे आणि घशात कडवट लागे. दशलक्षण पर्वात उपवास असताना औषध घशात उतरतं, म्हणून तिनं ते बंद केले. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे पुन्हा सुरू करायचे राहूनच गेले. एका डोळ्याची नजर गेली, ती परत आली नाही.

आता इथे नेरुळला माझ्याही फ्रिजच्या दारात थेंबांची बाटली आहे. म्हणून मुद्दाम त्यांचा इतिहास वाचला.

आपल्या डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला जेमतेम अडीच मायक्रोलीटर. अश्रू वेगळे, हे वेगळं. बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून ते वाहून जातं. मोरीची जाळी तुंबावी तसं झालं, की दाब वाढतो आणि नजरेची नस सुकत जाते. मी पडले कॉमर्सची. मला हा जमाखर्चच वाटतो. जमा चालू, खर्च अडलेला, म्हणजे शिल्लक फुगणारच.

या जमाखर्चावर पहिला थेंब १८७६च्या सुमारास आला. लुडविग लाकेर या डॉक्टरांना स्वतःलाच काचबिंदू होता. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीचा अर्क त्यांनी त्यावर वापरला. ही तीच विषारी बी, जी तिकडे आरोपीला खायला घालून खरं-खोटं ठरवत! ब्राझीलच्या जाबोरांडी झाडाच्या पानांतलं पायलोकार्पिन १८७५मध्ये वेगळं काढलं गेलं आणि लवकरच तेही डोळ्यात आलं. दोन्ही औषधं डोळ्यातला स्नायू आवळून जाळी मोकळी करतात, म्हणजे खर्चाची वाट उघडतात.

जमेची बाजू धरली ती टिमोलॉलनं. १९७८मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते पाणीच कमी तयार होऊ देतं आणि बाहुलीला हात लावत नाही. १९९६मध्ये लॅटानोप्रोस्ट आलं. लास्लो बिटो यांच्या संशोधनातून निघालेलं हे औषध पाण्याला मुख्यतः दुसऱ्या, स्नायूमधल्या वाटेनं बाहेर काढतं. दिवसातून एकच थेंब पुरतो.

पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक साधी रीत. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. मग औषध नाकातून घशात फारसं उतरत नाही. टिमोलॉलवाल्यांनी तर हे जरूर करावं, कारण ते रक्तात गेलं तर दमेकऱ्यांना आणि हृदयाला त्रास होऊ शकतो.

मी डॉक्टरांना विचारून माझ्या थेंबाची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घेतली आहे. आईनंही विचारलं असतं तर तिचा उपवास आणि डोळा दोन्ही सांभाळता आले असते.

मैत्रिणींनो, गेलेली नजर कुठलाच थेंब परत आणत नाही. उरलेली मात्र राखतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर आपला दाब तपासून घ्या. आणि उपवासाआधी मनानं थेंब बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.