रजोनिवृत्ती आणि हृदयविकाराचा धोका

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी घटते. त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तवाहिन्यांची लवचिकता आणि शरीरातील चरबीची साठवण यांत बदल होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ व्या वर्षी येते. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे जगभरातील स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असले, तरी हृदयविकार हा पुरुषांचा आजार आहे असा समज दीर्घकाळ रूढ होता.

पार्श्वभूमी
अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून वय, रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला. याच अभ्यासाच्या १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, समान वयाच्या स्त्रियांपैकी पाळी गेलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण पाळी चालू असलेल्यांपेक्षा अधिक आढळले. रजोनिवृत्ती हा हृदयविकाराच्या दृष्टीने एक स्वतंत्र टप्पा असल्याचे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० च्या निवेदनात नमूद केले.

रक्तातील मेदद्रव्यांतील बदल
यकृताच्या पेशींवरील ग्राहके रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल खेचून घेतात. इस्ट्रोजेनमुळे या ग्राहकांची संख्या वाढते. संप्रेरकाची पातळी घटली की ग्राहके कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचू लागते. अमेरिकेत १९९६ पासून चालू असलेल्या ‘स्वान’ या अभ्यासात एकूण कोलेस्टेरॉल व एलडीएल यांची वाढ शेवटच्या पाळीच्या आगेमागे सुमारे एक वर्षाच्या काळात वेगाने होते असे दिसले. केवळ वाढत्या वयाने ही वाढ स्पष्ट होत नाही.

एचडीएल कोलेस्टेरॉलला ‘चांगले’ म्हटले जाते; मात्र रजोनिवृत्तीनंतर त्याची संरक्षक क्षमता कमी होते, त्यामुळे केवळ त्याचा वाढलेला आकडा दिलासा देणारा ठरत नाही. ट्रायग्लिसराइडचे प्रमाण वाढण्याची प्रवृत्तीही दिसते. वजन फारसे न वाढताही पोटाच्या आतील चरबी वाढू शकते. रक्तवाहिन्या कडक होतात आणि रक्तदाब चढतो. भारतीयांमध्ये ट्रायग्लिसराइड अधिक व एचडीएल कमी असण्याचे प्रमाण मोठे असल्याने एलडीएल मध्यम असले तरी धोका राहू शकतो.

अकाली रजोनिवृत्ती
चाळिशीपूर्वी आलेल्या रजोनिवृत्तीला अकाली, तर ४० ते ४४ वर्षांदरम्यान आलेल्या रजोनिवृत्तीला लवकरची रजोनिवृत्ती म्हणतात. अनेक देशांतील तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ५० ते ५१ व्या वर्षी पाळी गेलेल्यांच्या तुलनेत या दोन्ही गटांत साठ वर्षांच्या आत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचा धोका अधिक आढळला; पाळी जितकी लवकर गेली, तितका तो अधिक होता.

शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते. केवळ गर्भाशय काढून अंडाशये ठेवल्यास पाळी थांबते, पण संप्रेरके चालू राहतात. तरीही अशा स्त्रियांमध्ये अंडाशयांचे कार्य काही वर्षे आधी थांबू शकते. महाराष्ट्रात हा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या संदर्भात चर्चेत आला. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याची माहिती जून २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. चर्चा मुख्यतः शस्त्रक्रियेची गरज व मजुरीची सक्ती यांवर झाली. तथापि कमी वयात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात हाडे व हृदय यांच्या नियमित तपासणीचीही गरज असते.

लक्षणे
छातीत दुखणे किंवा दडपण येणे हे स्त्रियांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याचे सर्वांत सामान्य लक्षण आहे. त्याच्या जोडीला किंवा क्वचित त्याच्याशिवाय धाप लागणे, असाधारण थकवा, मळमळ, जबडा, पाठ वा खांदा दुखणे ही लक्षणे स्त्रियांमध्ये अधिक दिसतात. घाम, धडधड, झोप न लागणे आणि थकवा या तक्रारी रजोनिवृत्तीतही असतात. त्यामुळे ‘पाळी जाण्याचा त्रास’ किंवा ‘पित्त’ समजून रुग्ण आणि कधी वैद्यकीय कर्मचारीही दुर्लक्ष करतात, आणि उपचारास उशीर होतो. श्रम करताना वाढणारी व विश्रांतीने कमी होणारी तक्रार हृदयाशी संबंधित असण्याची शक्यता अधिक असते.

तपासणी
रक्तातील मेदद्रव्यांच्या तपासणीत सर्वसाधारणपणे एकूण कोलेस्टेरॉल २०० पेक्षा कमी, एलडीएल १०० पेक्षा कमी, ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी आणि स्त्रियांमध्ये एचडीएल ५० पेक्षा अधिक असणे इष्ट मानले जाते (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). मधुमेह किंवा आधीचा हृदयविकार असल्यास एलडीएलचे लक्ष्य याहून खाली असते. गरोदरपणातील उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आणि पीसीओएस यांचा पूर्वेतिहास धोका वाढवतो. म्हणून पाळी जाण्याच्या वयातील तपासणीत तोही विचारला जातो.

उपचार
रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके दिल्यास हृदयाचे रक्षण होईल अशी अपेक्षा एके काळी होती. आधीच हृदयविकार असलेल्या स्त्रियांवरील ‘हर्स’ चाचणीत (१९९८) तसा लाभ दिसला नाही. १६,६०८ स्त्रियांचा समावेश असलेली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची संयुक्त संप्रेरक चाचणी धोका लाभापेक्षा अधिक आढळल्याने जुलै २००२ मध्ये थांबवण्यात आली. आज संप्रेरकोपचार तीव्र त्रासासाठी, शक्यतो साठीच्या आत व रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत दिला जातो. केवळ हृदयविकार टाळण्यासाठी तो सुचवला जात नाही. अकाली रजोनिवृत्तीत मात्र, प्रतिकूल कारण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे. वाढलेल्या एलडीएलवर स्टॅटिन ही मुख्य औषधे असून धोका समान असल्यास ती स्त्री व पुरुष दोघांतही सारखीच उपयुक्त ठरतात.

कोकण किनारपट्टीचा संदर्भ
सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील विजयदुर्गसारख्या बंदरगावांत भात, मासळी आणि ओले खोबरे हा आहाराचा पाया आहे. बांगडा व तारली यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. नारळात कोलेस्टेरॉल नसते. परंतु खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेदाम्ले असून शेंगदाणा किंवा सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते. कोळंबीत कोलेस्टेरॉल अधिक, पण संपृक्त मेद अत्यल्प असते. खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ रक्तदाबाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी वापरत असलेली मशेरी हा तंबाखूच असल्याने तीही टाळणे आवश्यक मानले जाते.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितके हृदयाचे स्नायू वाचतात. अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांसाठी सिंधुदुर्गातील रुग्ण गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई येथे जात आले आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरील गावांत लक्षणे वेळीच ओळखून २०१४ पासून कार्यरत असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्वरित बोलावण्यास विशेष महत्त्व आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व हृदय शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तीस वर्षांवरील नागरिकांसाठीच्या शासकीय तपासणी मोहिमेत रक्तदाब व मधुमेह प्रामुख्याने पाहिले जातात. कोलेस्टेरॉल वाढल्याचे कोणतेही बाह्य लक्षण सहसा नसल्याने ते केवळ रक्ततपासणीतूनच कळते.