बिनदेवाची जत्रा

फोन खिशातच राहू दे. आज शनिवार, १३ मे १९९५. देशातला पहिला मोबाइल कॉल लागायला अजून अडीच महिने आहेत. पहाटेचे साडेपाच वाजलेत, मुठ्याची मुक्कामी एसटी सुरू होऊन थरथरतेय, ड्रायव्हर विडी संपवतोय आणि तू दहा वर्षांची आहेस. डोक्याला चपचपीत तेल, अंगात गॅदरिंगचा फ्रॉक, पायात नवी चप्पल. ती चावते, पण सांगायची सोय नाही. सांगितलंस तर आई जुनी घालायला लावेल.

आईच्या डोक्यावर पाटी आहे. तळाशी मामासाठी आंबेमोहोराचं गाठोडं, त्यावर फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि खर्डा, सगळ्यात वर पळसाच्या पानांत करवंदं. गाठ कितीही घट्ट मारली तरी आंबेमोहोराचा वास लपत नाही. याच तांदळाच्या चार पायल्या विकून प्रवासाचे पैसे उभे राहिलेत.

बाबा येत नाहीत. राब भाजून झालेत, पाऊस तीन-चार आठवड्यांवर आलाय, बांधांची कामं राहिलीत आणि म्हैस गाभण आहे. कारणं सगळी खरी आहेत. पण काल रात्री चुलीपाशी बसून त्यांनी विचारलं होतं, "तिथं जाऊन करायचं काय असतं पण?" आणि आईला काही सांगता आलं नव्हतं.

तुलाही येत नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीत तू एवढंच पाहिलंयस की एस्सेल वर्ल्ड नावाच्या ठिकाणी पोरं जिवाच्या आकांतानं ओरडतात आणि तरी रडत नाहीत.

हा बेत ठरला तो चैत्रात, गावच्या जत्रेला मामा आला तेव्हा. मामा मुंबईत डबेवाला. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गांधी टोपी, आणि बोलण्यात सारखी 'लाईन'. मुंबईच्या डब्यांचा हा धंदा १८९० पासूनचा, आणि तो चालवणारी माणसं मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले अशा डोंगराकडच्या तालुक्यांतली. म्हणून चैत्रात गावोगावच्या जत्रा आल्या की चार-पाच दिवस डबेच बंद. मुंबईतले साहेब लोक त्या दिवसांत काय खात असतील, हे मामाला विचारलं तर तो म्हणतो, "खात्यात काय तरी. देव काय त्यांचा हाय का?" बाकीची पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जातात. तुझ्या मामाचं गाव पलीकडच्या खोऱ्यात आहे, फक्त मामा तिथं नाही. त्यामुळे तुझी सुट्टी उलटी वाहते, गावाकडून शहराकडे.

गाडी हलली. मागे वळून खोरं एकदा नीट बघून घे, कारण असं ते पुन्हा दिसणार नाही. वर टेमघरला धरणाची भिंत अजून नाही. लवासा हे नाव कुणी ऐकलेलं नाही. हा रस्ता टेमघरकडे जातो आणि पुढे गुरांच्या वाटेसारखा होतो. नदीत उन्हाळ्यामुळे डोहापुरतंच पाणी उरलंय. पुण्यातून वाहते म्हणून सगळे जिला पुण्याची नदी समजतात, ती मुठा इथली आहे.

घाटात एसटी वळते आणि तुझ्या पोटात काहीतरी वर येऊन खाली जातं. आई म्हणते, "बाहेर बघ, म्हंजे मळमळत न्हाई." हे वाक्य लक्षात ठेव, उद्या उपयोगी पडणार आहे.

पुढचा प्रवास मी तुला भरभर नेतो. पिरंगुट, स्वारगेट, पीएमटीनं स्टेशन, जनरलचा डबा. खंडाळ्यानंतर बोगदे सुरू झाले की डब्यातली सगळी पोरं ओरडतात, तूही ओरड. कर्जतला वडा खा. दादरला पुलाखाली मामा टोपी हलवत उभा आहे. तो तुम्हाला गर्दीतून असा काढतो की जणू तुम्ही दोन डबे आहात, आणि वेळेत पोचवायचे आहात. रात्री दहिसरच्या चाळीत, मामीनं रांधलेला तुमचाच तांदूळ खाऊन तू झोपतेस. रविवारी डबे बंद असतात, म्हणून उद्याचा मुहूर्त.

रविवार, १४ मे. वैशाखी पौर्णिमा. बोरिवलीहून बस गोराईच्या खाडीपर्यंत येते आणि तिथं रस्ता संपतो. पुढे बोट.

आई बोटीत पाय टाकायच्या आधी खाली वाकून पाण्याला हात लावते, तो कपाळाला लावते आणि एक नाणं खाडीत टाकते. मग बसल्यावर बोट चाटून बघते. "खारट." दोन्ही काठांना तिवरांची गर्दी, चिखलात बगळे. "आपल्या नदीचं पानी हितंच येत आसंल ना, दादा?" ती मामाला विचारते.

येत नाही. मला इथं थोडं मध्ये बोलू दे, कारण मामाला हे ठाऊक नाही. मुठा उगवते ती सह्याद्रीच्या माथ्याजवळ, पश्चिमेचा समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. पण तिची पाठ या समुद्राकडे आहे. ती मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि गावचं पाणी सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. मुंबईकडे वळलं ते शेजारच्या मुळेचं पाणी, आणि तेही आपणहून नव्हे. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, पाणी डोंगराखाली कोकणात भिऱ्याला सोडलं आणि तिथली वीज मुंबईला आणली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तुझ्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली आहे. आईला नद्यांचा नकाशा माहीत नाही, हे मात्र माहीत आहे. पलीकडच्या काठावर दिवसाढवळ्या रंगीत दिवे लुकलुकताना दिसतात तेव्हा ती तुझ्या कानाशी येऊन म्हणते, "आपल्या पान्यावर पेटल्यात."

धक्क्यावर बसून भाकरी-खर्डा खाऊन घ्या. मग फाटक.

फाटकाशी आई थांबते. तिनं आजवर पाहिलेल्या कुठल्याही जत्रेला फाटक नव्हतं. जत्रेत माणूस वाटेल तिकडून शिरतो: ओढ्यातून, शेतातून, देवळाच्या मागून. आत सगळं फुकट बघता येतं आणि पाळण्यात बसायचं तेवढे पैसे. इथं उलटं. पैसे बाहेरच, आणि आत वाटेल तितक्या वेळा बसा. मामानं तिकिटं काढली. आकडा त्यानं सांगितला नाही, पण आईनं त्याच्या हातातल्या नोटा मोजल्या आणि तिचा चेहरा घट्ट झाला.

"समदं बसायचं," ती तुला म्हणते. "एक बी सोडायचं न्हाई."

तर असा तुझा पहिला तास जातो: वसुलीत. लाकडी घोड्यांवर फेऱ्या, मोठाल्या कपबशांत बसून गरागरा, टकरा देणाऱ्या मोटारी. त्या मोटारींत मामा, जो रोज डब्यांची पाटी डोक्यावर घेऊन मुंबईच्या गर्दीत कुणाला धक्का न लावता धावतो, समोर येईल त्याला आनंदानं धडकतोय. आई कठड्याबाहेर उभी, हातात तुझ्या चपला, मामाची टोपी, करवंदांची रिकामी पानं. ती बोटांवर मोजते. तू उतरलीस की विचारते, "ह्ये किती झालं?" सहा. "आजून लई हायेत."

आणि मधूनच, इकडंतिकडं बघत, "देव कुठं बसवलाय रं ह्यांनी?"

मामा हसतो. "आक्के, इथं देव नसतो."

"मग जत्रा कुनाची?"

मामाला उत्तर सुचत नाही. हे ठिकाण १९८९ साली उघडलं आणि कुणाच्या नवसासाठी उघडलेलं नाही, एवढंच मी सांगू शकेन. आईचा प्रश्न मात्र भाबडा नव्हता, असं मला आता वाटतं. पाळणे, रेवड्या, कुस्त्या, तमाशा, हे सगळं तिनं आयुष्यभर देवाच्या नावावर पाहिलं होतं. बाईमाणसाला घराबाहेर पडून रात्री उशिरापर्यंत हिंडायला देवाचं निमित्त पुरतं. निमित्तच नसेल तर हसायचं कशाच्या जोरावर?

झिपर डिपरची रांग लांब आहे. नाव तुला म्हणता येत नाही. जिभेला चिमटा बसतो. वर लोखंडी रूळ वाकडेतिकडे गेलेत आणि त्यावरून डब्यांची माळ किंचाळत पळते. मामा म्हणतो, मी नाही, माझं पोट हलतं. तू एकटी लहान. आई रांगेकडे बघते, तिकिटाकडे बघते, तुझ्याकडे बघते.

"चल."

नऊवारीचा काष्टा बरा, वाऱ्यात उडत नाही. ती पदर कमरेला खोचते, जसा लावणीला उतरताना खोचते. आणि डब्यात पाय ठेवण्याआधी चपला काढते. तिथला पोरगा म्हणतो, "मावशी, चप्पल राहू द्या." ती ऐकत नाही. दोन्ही चपला कठड्यापाशी, टोकाला टोक लावून, देवळाबाहेर ठेवतात तशा ठेवते आणि अनवाणी तुझ्या शेजारी येऊन बसते. छातीवर दांडी येते. तिच्या हाताला भाकरीच्या पिठाचा आणि करवंदाच्या चिकाचा वास आहे.

"ह्याला इंजिन कुठाय?" ती विचारते.

पोरगा सांगतो, साखळी वर नेऊन सोडते, पुढे आपोआप.

"म्हंजे पाटाच्या पान्यागत." कळलं तिला. चढ चढवून दिला की उतार आपला आपण धावतो. माझ्या पाहण्यात भौतिकशास्त्राचं इतकं सरळ स्पष्टीकरण दुसरं नाही.

साखळी धरते. टक, टक, टक, टक. तुम्ही मागे कलता, समोर फक्त आभाळ. एका बाजूला खाडी, तिवरं, दूर समुद्राची पांढरी रेघ. "बाहेर बघ," तू आईला सांगतेस, "म्हंजे मळमळत न्हाई." ती डोळे गच्च मिटून आहे. टक. टक. मग आवाज थांबतो आणि क्षणभर काहीच होत नाही.

आणि उतार येतो.

तुझं पोट मुठ्याच्या घाटातच राहिलं. सगळे ओरडतात, तूही ओरडतेस, पण तुला तुझा आवाज ऐकू येत नाही. तुला ऐकू येतो आईचा. ती देवाचं नाव घेत नाही. तुझं नाही. ती ओरडते बाबांचं नाव. नुसतं नाव, पूर्ण, मोठ्यांदा, पुन्हा पुन्हा, प्रत्येक उताराला एकदा.

दहा वर्षांत तू ते तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस. लग्नकार्यात बायका अडवून धरतात तेव्हा ती उखाण्यात लपेटून, लाजत, एकदाच ते घेते. एरवी 'अवं' आणि 'ह्यांनी'. रेशनकार्डाच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं शेजारणीला सांगायला लावलं होतं. आणि इथं, गोराईच्या आभाळात, केस सुटलेले, पदर सुटलेला, डोळे आता टक्क उघडे, ती ते नाव असं फेकतेय की खाली उभ्या मामालाही ऐकू जावं.

डबा थांबतो. ती उतरते, पाय लटपटतात, कठड्याला धरून उभी राहते. आणि हसायला लागते. हसू थांबेना म्हणून तोंडावर पदर घेते, तर पदरही हसण्यानं हलतो. चपला शोधते, उलट्या पायांत घालते. मग तुझा दंड धरून, डोळे पुसत, अगदी हळू आवाजात:

"घरी सांगू नगंस."

त्यानंतर ती आणखी दोनदा बसते. तिन्ही वेळा चपला बाहेर. तिन्ही वेळा तेच नाव. तुझी मोजणी मात्र सुटली. वसुलीचं कुणाला भान राहत नाही.

परतीच्या बोटीवर चंद्र वर आलाय, पौर्णिमेचा, मोठा. तू आईच्या मांडीवर आहेस आणि नव्या चपलेनं टाचेला आलेला फोड तिला एव्हाना सापडलाय. ती त्यावर फुंकर घालते. मागे दिवे लांब जातात. "समदं झ्याक हुतं," ती मामाला म्हणते. "फकस्त देव न्हवता."

सोमवारी संध्याकाळी मुठ्याच्या पारावर बाबा उभे होते. त्यांनी विचारलं, "काय असतं मग तिथं?" आई म्हणाली, "पाळनं." आणि पाटी खाली ठेवून म्हशीकडे गेली. तू काही बोलली नाहीस. अजूनही बोललेली नाहीस.

आता परत ये, आणि फोन काढ. मुठ्यावरून जाणारा तो गुरांचा रस्ता आता लवासाला जातो. शनिवार-रविवार पुण्याच्या मोटारी त्यावरून इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर बांधलेल्या रंगीत इमारतींपुढे फोटो काढायला धावतात. ते बांधणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टेमघरला धरण झालं, तेही गळलं, मग दुरुस्त करावं लागलं. एस्सेल वर्ल्ड बंद पडलं.

गोराईची बोट मात्र चालू आहे. तिच्यातून उतरणारी बरीच माणसं आता एका सोनेरी घुमटाकडे जातात. एस्सेल वर्ल्डच्या शेजारीच, २००९ साली, तिथं विपश्यनेचा जागतिक पॅगोडा उघडला. दगडात दगड अडकवून उभारलेला घुमट, आत एकही खांब नाही, एका वेळी आठ हजार माणसं बसतात, आणि माथ्यात बुद्धाच्या अस्थी ठेवल्या आहेत. आईला अजून बोट सोसते. तिला घेऊन जा. तिकीट नाही. आत शिरण्याआधी चपला बाहेर काढून ठेवाव्या लागतात.