सात ग्रॅमची गोष्ट

लग्नाच्या हॉलबाहेर फुस्स फुस्स आवाज करणारं चकचकीत यंत्र आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेला फेसाळ कप. 'एस्प्रेसो' हा शब्द गोव्यात माझ्या पिढीला भेटला तो असा. चवीला झकासच, पण त्या यंत्राची वाफ फक्त दूध फेसाळते. कॉफीच्या भुकटीतून ती जातच नाही. खऱ्या एस्प्रेसोत दूधही नाही नि चॉकलेटही नाही. तिचा सगळा इतिहास दाबाचा आहे, आणि तो घडला इटलीत.

तूरिनच्या आंजेलो मोरियोंदोने १८८४ मध्ये वाफेच्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. त्यातून एकदम पुष्कळ कॉफी निघे. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ च्या पेटंटात वेगळी वाट धरली. मूठ असलेली छोटी जाळीदार वाटी, तीत एका गिऱ्हाइकापुरती भुकटी, आणि कॉफी थेट कपात. देसिदेरिओ पावोनीने त्याचे हक्क घेऊन १९०५ पासून ही यंत्रं बनवायला सुरुवात केली. मात्रेचा प्रश्न मला वाटतं त्या वाटीपासूनच सुरू झाला. हंडाभर कॉफीत चमचाभर भुकटी कमीजास्त झाली तर कोणाला कळणार? एका कपात जिभेला लगेच कळतं.

मात्र या यंत्रांत वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार. भुकटी फार बारीक केली तर पाणी उतरतच नसे, आणि कॉफी काळी, कडवट, बिनफेसाची व्हायची. आकिल्ले गाज्जियाने १९३८ मध्ये नव्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पुढे महायुद्ध आलं, आणि १९४७ मध्ये त्याने स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग आवळायची, सोडली की दट्ट्या गरम पाणी भुकटीतून रेटतो. दाब गेला आठ-नऊ बारपर्यंत आणि कपावर सोनेरी साय आली. गिऱ्हाइकं बिचकली, हा कसला फेस म्हणून! गाज्जियाने त्याच फेसाला 'क्रेमा काफे' म्हणून मिरवलं. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात दांड्याच्या जागी विजेचा पंप आला, आणि नऊ बार हा दाब हाताच्या ताकदीवर अवलंबून राहिला नाही.

इटलीत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने यावर आकड्यांचा शिक्का मारला: ७ ग्रॅम भुकटी, ९ बार दाब, २५ सेकंद, कपात २५ मिलिलिटर. आमच्या सरकारी परिपत्रकासारखंच, थोडी सूट ठेवून.

यंत्र घरी आलं तसा हा हिशेब घरच्या माणसाच्या हाती आला. गाज्जियाचं 'गिल्डा' १९५२ चं, 'बेबी' १९७७ चं. कॉफीबारमधला माणूस दिवसाला शेकडो कप काढतो, त्याच्या हाताला सवय असते. आपण सकाळी दोन कप काढणार. मग टॅम्परने भुकटी किती जोराने दाबायची यावर घरोघरी वाद झडतात. तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलो, हा आकडा बराच प्रसिद्ध आहे. काही मंडळी तर न्हाणीघरातला वजनकाटा आणून सराव करतात.

जरा हिशेब करू. ५८ मिलिमीटर व्यासाच्या वाटीचं क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस सेंटिमीटर. त्यावर नऊ बारचं पाणी म्हणजे जवळजवळ २४० किलोचा भार. त्यापुढे आपल्या मनगटाचे तेरा काय नि अठरा काय! भुकटी एकदा घट्ट बसली, आतली हवा निघाली, की पुढचा जोर वाया. माझ्या स्वयंपाकघरात दाब वाढवून धारेत सेकंद-दोन सेकंदांचा फरक पडतो. भुकटी एका ग्रॅमने वाढवली तर त्याहून बराच जास्त.

दाबण्यात खरा धोका आहे तो तिरकेपणाचा. खाजनाच्या बांधाला कुर्ल्यांनी बारीक भोक पाडलं की सगळी भरती तिथूनच आत घुसते, तसं पाणी चकतीतली कच्ची जागा शोधतं. तिथली भुकटी जळकी कडू होते, बाकीची कोरीच राहते, म्हणून एकाच घोटात कडू आणि आंबट दोन्ही लागतं. भुकटी आधी सारखी पसरा, मग टॅम्पर सरळ धरून दाबा. स्वस्त घरगुती यंत्रांत दुहेरी तळाची, एका भोकाची वाटी असते. तीत फेस हमखास येतो, त्यामुळे तो पाहून दळण आणि मात्रा तपासण्यात अर्थ नाही.

मात्रा वाटीच्या मापाची हवी. जास्त भरली तर भिजून फुगलेली चकती वरच्या जाळीला टेकते आणि विस्कटते. कमी भरली तर धार पळते. जुनी इटालियन दुहेरी मात्रा १४ ग्रॅमची, अलीकडे कॅफेंत ती १८-२० वर गेली. उलट २०२० मध्ये 'मॅटर' या संशोधनपत्रिकेत अमेरिकेतले ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखवलं की दळण फार बारीक केलं तर पाणी असमान वाहतं. २० ऐवजी १५ ग्रॅम भुकटी, जरा जाडसर दळली, तर कप दरवेळी अधिक सारखा येतो. म्हणजे जुन्या दुहेरी मात्रेच्या जवळच परत!

माझी वाटी १८ ग्रॅमची आहे, मी १७ वर थांबलो आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा टॅम्परपेक्षा जास्त कामाचा ठरला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने धार मंदावते, तेव्हा दळण एक घर जाड करतो. मात्रेला हात लावत नाही.