पटावरून नाव कमी

बंगळुरूचं इंदिरानगर आज ओळखलं जातं ते हंड्रेड फीट रोडवरच्या पबांमुळे, कॉफीच्या दुकानांमुळे आणि जुने बंगले पाडून थाटलेल्या ऑफिसांमुळे. पण याच वसाहतीत दोन इमारती आहेत, ज्यांच्याकडे खरेदीला आलेला माणूस सहसा मान वळवून पाहत नाही. एक ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, रुग्णालय, आणि दुसरी बीडीए या शहर विकास प्राधिकरणाच्या व्यापारी संकुलातली, जिथे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाचा पत्ता आहे. पहिलीत कामगार किती आजारी आहे हे ठरतं, दुसरीत केंद्र सरकारच्या नोकराला काढलं ते नियमाला धरून होतं का हे ठरतं. या भागाचा बराच पत्ता आजही ‘एचएएल दुसरा टप्पा’ असाच लिहितात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने ज्या विमान कारखान्याची उभारणी केली, त्याची ही खूण. कारखाना, दवाखाना आणि न्यायाधिकरण इतक्या जवळजवळ असलेल्या जागेवरून आजारपणामुळे नोकरी जाण्याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. ‘आजारी पडला म्हणून काढला’ असं कागदावर जवळजवळ कुणी लिहीत नाही. कागदावर असतं ‘गैरहजर’, नाहीतर ‘अनफिट’. माणसाची नोकरी या दोन शब्दांनी जाते, आणि आपल्याकडचं कामगारांचं संरक्षण म्हणजे हे शब्द कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर लिहायचे यावरचं भांडण आहे, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला एवढ्या कागदाचीही गरज नव्हती. माणसं लावायची आणि उठवायची ती जॉबरने. साच्यावरचा माणूस तापाने घरी पडला की त्याच्या जागी बदली उभा राहायचा. पंधरा दिवसांनी बरा होऊन तो दारात आला तर त्याला कुणी ‘तुला काढलं’ असं सांगत नसे. त्याची जागा भरलेली असे, आणि सकाळच्या भोंग्याला दारापाशी ताटकळणाऱ्या बदल्यांच्या घोळक्यात तोही एक होऊन जाई. जॉबरचा हात ओला केला तर आत, नाहीतर उद्या पुन्हा. क्षय झालेला माणूस तर बहुधा कोकणात गावी परत जायचा आणि गिरणीच्या लेखी ‘सोडून गेला’ एवढाच उरायचा. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदल्यांना कार्डं देण्याची पद्धत आणली, ती जॉबरच्या मनमानीला आवर घालण्यासाठी. आजाऱ्याची जागा राखून ठेवणं हा तिचा हेतू नव्हता. त्याआधी ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या व्हिटली आयोगाने, म्हणजे १९२९ ते ३१ च्या शाही कामगार आयोगाने, आजारपणाच्या विम्याचा विषय काढला होता. तो बराच काळ विषयच राहिला.

त्याला आकार आला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आलं, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ मध्ये योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, आणि १९५८ मध्ये बंगळुरूत आली. ईएसआय म्हटलं की औषधाची रांग आणि पगाराचा काही भाग एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते त्या कायद्यातलं सर्वांत धाडसी वाक्य कलम ७३ मध्ये होतं: कामगार आजारपणाचा लाभ घेत असेल, उपचार घेत असेल किंवा रीतसर दाखल्यावर आजारामुळे कामावर नसेल, तोवर मालकाने त्याला काढायचं नाही, खाली उतरवायचं नाही, शिक्षा करायची नाही, त्या काळात दिलेली नोटीसही चालणार नाही. मात्र याच कायद्याखालच्या १९५० च्या नियमांनी या अभयाला मुदत घातली. साध्या आजारात सलग सहा महिने उपचार झाले, किंवा क्षय, कुष्ठ यांसारख्या दीर्घ आजारात अठरा महिने, की सेवाशर्ती मुभा देत असतील तर मालकाला नोटीस देऊन मोकळं होता येई. माणुसकीचं मोजमाप महिन्यांत करणं कानाला खटकतं. तरी जॉबरच्या राज्यात एका तापाची किंमत एक नोकरी होती, हे आठवलं की अठरा महिने कमी वाटत नाहीत.

अभय दाखल्याला चिकटलेलं होतं, आणि फट पडली ती तिथेच. ईएसआयच्या दवाखान्यात कामगाराच्या हातात पडे तो कागदाचा साधा तुकडा: पहिला दाखला, मग मधला, आणि शेवटी अमुक तारखेपासून कामावर जाण्यास योग्य, असं सांगणारा अखेरचा. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सहसा मिळत नाही. दुसरीकडे कारखान्याच्या स्थायी आदेशांत एक कलम असे: रजेशिवाय सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असं धरलं जाईल. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलमधला व्यंकटय्या या दोन कागदांमध्ये सापडला. १९५७ मध्ये तो रजेवर गेला तो वेळेत परतला नाही. आजारी होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आणलेला दाखला ईएसआयने मान्य करून लाभही दिला, पण गिरणीने आठ दिवसांच्या कलमावर बोट ठेवलं. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरणीच्या बाजूने निकाल दिला. कलम ७३ शिक्षा म्हणून काढण्याला मनाई करतं. इथे कुणी काढलेलंच नाही, स्थायी आदेशाप्रमाणे नोकरी आपोआप संपली, असा त्याचा रोख होता. निकाल लिहिला साताऱ्याच्या प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे कामगार कायद्याचा पाया ज्यांच्या निकालांवर उभा आहे असं आपण मानतो त्या न्यायमूर्तींनी. तर्काच्या दृष्टीने निकाल रेखीव आहे, पण जॉबरच्या दारातलं ‘तुला कुठे कुणी काढलंय’ हेच त्यात कायद्याच्या भाषेत परत आलं. हे ‘आपोआप’ मोडायला तीस वर्षं लागली: १९९३ मध्ये डी. के. यादव खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की आठ दिवसांचं कलम असलं तरी नोटीस आणि चौकशीशिवाय नाव कमी करता येणार नाही, कारण नोकरी जाणं म्हणजे उपजीविका जाणं.

यावर मालकांची बाजू ऐकलीच पाहिजे, कारण ती पोकळ नाही. खोटे दाखले मिळतात, हे कोण नाकारेल? पेरणी आणि गणपतीच्या दिवसांत गिरण्यांतला आजार वाढतो, ही तक्रार जुनी आहे. पण त्याचा उपाय योजनेत पहिल्यापासून होता: संशय आला तर कामगाराला पुन्हा तपासणारा मेडिकल रेफरी. दाखला खोटा वाटतो म्हणून तो तपासून घेणं एक, आणि गैरहजेरीचं कलम लावून तपासणीच टाळणं दुसरं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दहा माणसांच्या वर्कशॉपने वर्षानुवर्षं काम न करू शकणाऱ्याची जागा कशी राखायची? कायद्यानेही हे मान्य केलं होतं. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये कामगार कपातीची व्याख्या आली, तेव्हा दीर्घकालीन आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती तिच्यातून वगळली, म्हणजे कपातीची भरपाईही टळली. पण विम्याचा सारा मुद्दाच हा होता, की एका आजाऱ्याचा भार एका मालकावर पडू नये, म्हणून सगळ्यांनी वर्गणी भरायची.

‘अनफिट’चा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. रेल्वेत यासाठी एक जडजंबाल शब्द आहे, ‘डीकॅटेगराइज्ड’: नजर अधू झालेला ड्रायव्हर इंजिनावरून उतरतो, पण टेबलावरचं काम करू शकतो. म्हणजे माणूस अनफिट नसतो, एका कामाला अनफिट असतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने हेच सगळ्या सरकारी आस्थापनांना लावलं: सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढायचं नाही, दुसरं काम द्यायचं, नसेल तर जादा पद निर्माण करायचं. डावा पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाला घरी पाठवलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये याच कलमावर ते रद्द केलं. त्याआधीच, ३ एप्रिल १९९७ ला, मुंबई उच्च न्यायालयात न्या. टिपणीस आणि न्या. रंजना देसाई यांच्यापुढे एक खटला निकाली निघाला होता, ज्यात वादीचं नाव फक्त ‘एमएक्स’ आणि मालकाचं ‘झेडवाय’. सरकारी महामंडळातल्या या रोजंदारी कामगाराचं नाव यादीतून गेलं होतं ते वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून. काम करायला तो धडधाकट होता. न्यायालयाने त्याचं नाव यादीत परत घ्यायला आणि बुडालेल्या मजुरीपोटी ४०,००० रुपये द्यायला सांगितलं, आणि दोनच प्रश्न शिल्लक ठेवले: हा माणूस हे काम करू शकतो का, आणि ते करताना इतरांना खराखुरा धोका आहे का?

धोक्याचं काय, असं विचारणाऱ्याला उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे. फिट येणाऱ्याच्या हाती बसचं स्टिअरिंग द्या, असं कुणी म्हणत नाही. पण त्याच माणसाला डेपोतल्या हिशेबाच्या टेबलावरून उठवायचं असेल तर कारण दाखवावं लागेल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला, तेव्हा त्याने याच्यापुढचं पाऊल टाकलं. कामावरून काढायचं तर स्वतंत्र, जाणकार आरोग्यसेवकाचा लेखी अभिप्राय हवा, आणि सोयीचं काम देणं का परवडत नाही हे मालकानेही लिहून द्यायला हवं. गिरणीच्या दारात उभ्या कामगाराने आपण आजारी होतो हे सिद्ध करायचं असे. आता कागद मालकाने आणायचा.

पण हा उलटा न्याय एका आजारापुरता आहे. कर्करोग २०१६ च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत बसत नाही, आणि सेवेत अपंगत्व आल्यावर नोकरी टिकवण्याची त्या कायद्यातली हमी सरकारी आस्थापनांपुरतीच आहे. त्यामुळे इंदिरानगरातल्या खासगी ऑफिसात केमोथेरपीसाठी रजा संपवलेल्या माणसाला बीडीए संकुलातलं न्यायाधिकरण उपयोगाचं नाही. तिथे पात्रता लागते केंद्राच्या नोकरीची. पबमधल्या वेटरला ईएसआय लागू होतं खरं, पण १९४८ च्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये होती तीच आहे, महिना २१,००० रुपये. हंड्रेड फीट रोडवर चांगलं काम करणाऱ्याला ती ओलांडायला एखादी बढती पुरते. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. पगार मध्येच वाढला तर चालू कालखंड संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. पुढच्या १ एप्रिलला किंवा १ ऑक्टोबरला त्याचं नाव योजनेतून उतरतं. पगारवाढीचं पत्र दाखवताना हे त्याला सांगण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.