पनागरचे दहा सूचक

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पनागर येतं. सिग्नल ट्रेनिंग सेंटरला असताना या रस्त्यानं कितीदा गेलो त्याची गणती नाही. निवृत्तीनंतर मात्र यंदाच्या जानेवारीत पहिल्यांदा गेलो. मटाराचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी पोती रचलेली, ट्रॅक्टरांची रांग लागलेली.

मी रिक्रूट असताना ज्यांनी माझ्याकडून ग्राउंडला चकरा मारून घेतल्या ते माझे उस्ताद तिथलेच. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि शेतीला लागले. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. आत नावांची यादी. बरीचशी नावं ओळखीची निघाली, आमच्याच जुन्या युनिटांतली. कुणी साताऱ्याचा, कुणी रेवाडीचा, कुणी पिठोरागढचा.

"सत्त्याऐंशी झालेत. अठ्ठ्याऐंशीवा तू," उस्ताद म्हणाले. "पार्टी काढतोय. शंभर माणसं लागतात फक्त."

कारण मटार. मागच्या हंगामात भाव इतका पडला की तोडणी आणि भाड्याचा खर्चही निघेना. त्यांनी उभ्या पिकात गुरं सोडली. चार दारं हिंडून झाली, कुणी ऐकलं नाही. आता २०२८ च्या विधानसभेला स्वतःच उभं राहायचं, तेही पक्ष काढून, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्दीत असताना आपल्याला कुठल्याही पक्षाचं सदस्य होता येत नाही. पेन्शनीत आल्यावर ती मोकळीक मिळते, आणि उस्तादांना ती वापरायची होती.

मी म्हणालो, "उस्ताद, एक रात्र द्या." नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. हो म्हणायच्या आधी थोडा विचार करायचा होता.

विचार करायला जबलपूरसारखी जागा नाही. आपल्याकडे निवडणुकीत पक्षापेक्षा चिन्ह किती मोठं असतं, ते या शहरानं एकदा देशाला दाखवलंय. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं असे. देशात वाचता येणारी माणसं पाचात एकसुद्धा नव्हती. त्यामुळे चिन्ह हीच उमेदवाराची ओळख. पुढे पेट्या गेल्या, शिक्के आले, यंत्रं आली, पण चिन्ह राहिलं.

जबलपूरचे खासदार सेठ गोविंददास १९७४ मध्ये वारले आणि पोटनिवडणूक लागली. जयप्रकाशांच्या आंदोलनाचे दिवस होते. विरोधकांनी मिळून एकच 'जनता उमेदवार' दिला, इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी नेता शरद यादव. वय सत्तावीस, आणि मुक्काम तुरुंगात. त्याच्या मागे उभे असलेल्या सगळ्यांचा मिळून एक पक्ष नव्हताच. मग चिन्ह आलं कुठून? त्याच वर्षी चरणसिंहांनी भारतीय लोकदल काढला होता. त्याचं चक्रातला नांगरधारी शेतकरी हे चिन्ह जबलपूरला मिळालं, आणि काँग्रेसचा हा गड पडला.

पुढे आणीबाणी आली. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा निषेध म्हणून राजीनामा देणारे दोन खासदार होते. एक हेच शरद यादव आणि दुसरे आपले पुण्याचे मधु लिमये. दोघंही तेव्हा तुरुंगात होते. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली. पाच दिवसांनी, २३ तारखेला, जनता पक्षाची घोषणा झाली. मार्चमध्ये मतदान. नव्या पक्षाची नोंद करून नवं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत भरवायला वेळ कुठला? तेव्हा तोच नांगरधारी पुन्हा कामाला आला. निवडणूक आयोगाच्या अहवालात १९७७ च्या विजेत्या पक्षापुढे २९५ जागा दिसतात, पण पक्षाचं नाव तिथे 'जनता' नाही, 'भारतीय लोकदल' आहे. ज्या पक्षानं इंदिराबाईंना हरवलं तो कागदोपत्री दुसऱ्याच्या घरात राहत होता.

म्हणजे पक्ष कागदावर नसला तरी चालतं, लोक मागे असले की. उलटं चालतं का, हा प्रश्न होता.

उस्तादांना हवी असलेली पक्षनोंदणी १९८९ पासूनची. लोकप्रतिनिधित्व कायद्यात तेव्हा २९-अ हे कलम आलं. शंभर नोंदणीकृत मतदार सदस्य हवेत, पक्षाची घटना हवी, त्या घटनेत देशाच्या संविधानावर निष्ठा लिहिलेली हवी आणि स्थापनेपासून तीस दिवसांत अर्ज हवा. हे शंभर जण देशात कुठलेही चालतात. म्हणूनच साताऱ्याचा आणि पिठोरागढचा जमला.

पण अशा नोंदणीनं पक्षाला 'मान्यता' मिळत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, अपक्षाइतकेच. आणि हे दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. सगळीकडे एकच चिन्ह हवं असेल तर विधानसभेच्या किमान पाच टक्के जागा लढवायच्या. मध्य प्रदेशात २३० जागा, म्हणजे बारा उमेदवार आणि प्रत्येकी १०,००० रुपये अनामत. इतकं करून हमखास काय मिळतं? मतदान यंत्रावर अपक्षांच्या वरची जागा.

या दहा सूचकांच्या नियमात आपल्या मराठी माणसांचाही थोडा हात आहे. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीनं बेळगावात शेकड्यांनी माणसं उभी केली. एका जागेला ४५६ उमेदवार! नलगोंड्यात पाणीप्रश्नावरून ४८० झाले. तेव्हा अनामत होती ५०० रुपये. देशभरात मिळून १३,९५२ उमेदवार होते. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत १०,००० झाली आणि दहा सूचक आले. १९९८ ला उमेदवार उरले ४,७५०. बेळगावकरांनी दार इतकं जोरात ठोठावलं की सरकारनं कडीच बदलली. आता त्या कडीशी उस्तादांची गाठ होती.

लहान पक्ष काही करूच शकत नाहीत असंही नाही. याच महाकोशलाच्या आसपासच्या आदिवासी पट्ट्यात हिरासिंह मरकाम यांनी १९९१ मध्ये गोंडवाना गणतंत्र पार्टी काढली. एक तप गावोगाव हिंडून २००३ ला मध्य प्रदेशात तीन आमदार निवडून आणले. मग पक्षात फूट पडली आणि २००८ ला एकही आला नाही. आणि जे पक्ष फक्त फायलीत होते त्यांचं काय झालं? सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतून काढले. पुढच्याच महिन्यात आणखी ४७४. त्यांच्याकडेही कधी काळी शंभर-शंभर सह्या होत्याच की.

सकाळी मी उस्तादांना सांगितलं, "सही आज करत नाही. आधी पनागरचे दहा सांगा."

ते भडकले. रिक्रूटला झापावं तसं झापलं. "शंभर गोळा केलेत, दहा काय घेऊन बसलास!" मग फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायला बसले. सूचकाची सही उघड असते, गावात सगळ्यांना कळते. त्याला उद्या अडत्याकडे उभं राहायचं असतं, सोसायटीचं कर्ज घ्यायचं असतं. दूरच्या लंगोटीयाराची सही त्यापेक्षा स्वस्त. पहिली चार नावं भराभर आली. सहाव्याला थांबले. सातवं लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. आतून काकूंनी विचारलं, "माझं लिहिलंत का?" लिहिलं नव्हतं. मग लिहिलं. झाले आठ.

बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "दोन कमी आहेत."

मी शब्द दिलाय. ते दोन मिळाले की माझं प्रतिज्ञापत्र स्पीड पोस्टानं येईल, अठ्ठ्याऐंशीवं. निघताना त्यांनी मटाराचं एक पोतं गाडीत टाकलं आणि पैसे घेतले नाहीत. फोन अजून आलेला नाही. हंगाम संपला की मीच करणार आहे.

जय हिंद.