नावेतला जाळ

मोटारीचा गोल हेडलाइट थर्माकोलच्या जाड कड्यात बसवायचा, वायर बॅटरीला जोडायची आणि तोंड खाली करून तो तळ्यावर सोडून द्यायचा. दिवा पाण्यावर तरंगतो, झोत थेट खाली जातो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेनेसी, केंटकी, मिसिसिपी, अलाबामा या भागांत, उन्हाळी रात्री क्रॅपी नावाचा मासा धरायला निघणाऱ्यांची ही जुनी युक्ती. आता हेडलाइटच्या जागी हिरव्या एलईडीच्या नळ्या आल्या आहेत. ज्यांना एका जागी बसवत नाही ते नाव चालती ठेवतात. नावेच्या नाकाडावर दहा-बारा फुटी काठ्या पंख्यासारख्या पसरून लावलेल्या, प्रत्येकीचा गळ वेगळ्या खोलीवर, आणि नावेचा वेग ताशी मैलभराच्याही आत. माणूस सहज चालतो त्याहून कमी. काठ्यांच्या त्या रचनेला तिकडे ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात, कारण लांबून नाव कोळ्यासारखी दिसते. मराठीत ‘कोळी’ हा शब्द आपसूकच दोन्हीकडे लागू पडतो.

तिथल्या कुणालाही विचारलं तर तो सांगेल, हे आमच्या आज्यापणज्यापासून चालत आलंय. ते पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. या खेळातलं तळं, दिवा, मोटर यांतल्या प्रत्येकाचं वय वेगळं आहे. नावेतला उजेड मात्र आज्यापणज्याच्याही फार आधीचा आहे.

आधी माशाविषयी. क्रॅपी म्हणजे सनफिश कुळातला, चपट्या अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा गोड्या पाण्यातला मासा. पांढरा आणि काळा अशा त्याच्या दोन जाती. अर्ध्या किलोचा मिळाला तरी माणूस खूश होऊन घरी जातो. पांढऱ्या क्रॅपीचा विक्रम १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड तलावात झाला, ५ पौंड ३ औंस, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलोच्या वर. खायला उत्तम, धरायला नाजूक. त्याच्या ओठांची कड इतकी पातळ असते की जोरात हिसका दिला तर ओठ फाटतो आणि मासा जातो. म्हणून त्याचं एक नाव ‘पेपरमाउथ’. त्याच्या मागे नाव सावकाश हाकण्याचं कारण थोडंफार या कागदी ओठातही आहे.

नावं या माशाला भरपूर. क्रॅपी हा शब्द कॅनडातल्या फ्रेंच ‘क्रापे’वरून आला, आणि त्याचा उच्चार क्रॅपी की क्रॉपी यावर अजून वाद घालतात. लुइझियानात तो ‘साकाले’, फ्रेंचमध्ये दुधाची पिशवी. पण हा शब्द मुळात चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला असावा आणि फ्रेंचांनी तो आपल्या कानाला ऐकू आला तसा लिहिला असावा, असं अभ्यासक मानतात. मला सर्वांत आवडलेलं नाव केंटकीकडचं. एकोणिसाव्या शतकात तिथे या माशाला ‘न्यू लाइट’ आणि ‘कॅम्पबेलाइट’ म्हणत. ही दोन्ही नावं त्या काळी त्या भागात पसरलेल्या ख्रिस्ती पंथांची. पंथ आले त्याच सुमारास मासाही तिथल्या नद्यांत दिसू लागला म्हणून हे नाव, असं सांगतात. पुढे दिव्याला भुलून गळाला लागणार असलेल्या माशाचं नाव आधीच ‘नवा प्रकाश’ ठेवलेलं होतं, हा निव्वळ योगायोग.

आता ‘ट्रोलिंग’: नाव चालती ठेवून मासे धरण्याला तिकडे हेच म्हणतात. हा शब्द मराठी घराघरात पोचला तो शिव्याशाप घेऊन. मासेमारीतला त्याचा अर्थ त्याहून कितीतरी जुना आहे: आमिष हलतं ठेवून माशाला मोहात पाडणं. १६८२ साली रॉबर्ट नॉब्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने ‘द कम्प्लीट ट्रोलर’ हे पुस्तक छापलं, ते पाइक या माशासाठी. त्याच्या ट्रोलिंगमध्ये चालती नाव नव्हतीच. काठावर उभं राहून मेलेला छोटा मासा पाण्यात वरखाली खेळवायचा, एवढंच. नावेमागून गळ ओढत नेणं हा अर्थ नंतर पक्का झाला. इंटरनेटवरच्या ट्रोलांनी १९९०च्या दशकात हाच अर्थ उचलला: आमिष टाका, कुणीतरी चावेलच. आपल्या किनाऱ्यावरचा ‘ट्रॉलर’ मात्र या शब्दाचा कुणी नाही. तो ‘ट्रॉल’ या ओढजाळ्यावरून आला, आणि त्याच्या जाळ्यापुढे क्रॅपीवाल्याच्या आठ-दहा गळांचा हिशेबच होऊ शकत नाही.

दिव्याची वाट मात्र इंग्लंडकडून आलेली नाही. १५८५ साली जॉन व्हाइट नावाचा चित्रकार इंग्रजांच्या तुकडीबरोबर आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या अल्गॉन्क्वियन लोकांची जलरंगातली त्याची चित्रं म्हणजे इंग्रजी डोळ्यांनी पाहिलेल्या अमेरिकेचे पहिले मोठे दस्तऐवज. त्यातल्या एका चित्रात लाकूड कोरून केलेली होडी आहे, पाण्यात हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क आहे, मागे वेताकुडाचे बांध घालून मासे अडवलेले आहेत, आणि होडीच्या मधोमध चक्क जाळ पेटवलेला आहे. भाल्याने मासेमारी करणारे आणि जाळ पेटलेली नाव एकाच चित्रात आल्याने ते दिवसाचं आहे की रात्रीचं, हे कळत नाही. व्हाइटने बहुधा दोन्ही वेळच्या पद्धती एकाच चौकटीत बसवल्या. १५९० साली थिओडोर द ब्राय याने त्याचं कोरीव चित्र छापलं आणि नावेतला तो जाळ युरोपभर पोचला.

उत्तरेकडे विस्कॉन्सिनमध्ये ओजिब्वे लोक मशालीच्या उजेडात मासे भाल्याने मारत. ते पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी तिथल्या तळ्याला ‘लाक द्यु फ्लांबो’ म्हटलं, मशालींचं तळं. आज ते गावाचंही नाव आहे आणि तिथल्या जमातीचंही. या मशालींचा पुढचा इतिहास मात्र कमालीचा कडू आहे. १८३७ आणि १८४२च्या तहांत ओजिब्वेंनी प्रचंड मुलूख सोडला, पण त्या मुलखात शिकार-मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क राज्य सरकारने शतकभर गुंडाळून ठेवला. १९७४ मध्ये दोन भावांनी राखीव क्षेत्राबाहेर मुद्दाम भाल्याने मासा मारून स्वतःवर खटला ओढवून घेतला, आणि १९८३ साली केंद्रीय अपील न्यायालयाने तह अजून जिवंत असल्याचा निकाल दिला. त्यानंतर दर वसंतात ओजिब्वे लोक डोक्याला दिवे लावून वॉलआय माशासाठी रात्री तळ्यावर जाऊ लागले, आणि धक्क्यांवर जमलेले गोरे जमाव त्यांच्यावर दगड आणि शिव्या टाकू लागले. १९९१ मध्ये न्यायालयाने या छळाला मनाई केली, तेव्हा कुठे हे शमलं. रात्री दिवा लावून मासा धरणं हा गोऱ्याच्या नावेत छंद ठरतो आणि ओजिब्वेच्या नावेत लूट, हे त्या धक्क्यांवर उघड दिसलं.

पण मशाल आणि क्रॅपीवाल्याचा दिवा यांची कामं वेगळी आहेत, आणि या गोष्टीतला सगळ्यात मोठा वळसा तोच आहे असं मला वाटतं. मशाल माणसासाठी असते. तिच्या उजेडात माणसाला मासा दिसतो आणि तो भाला मारतो. कंदील असतो माशासाठी, खरं तर माशाच्याही आधी किड्यांसाठी. तळ्यातले सूक्ष्म प्राणी दिवसा खोल राहतात आणि अंधार पडला की वर येतात. रात्री पाण्यावर एकच दिवा असला की ते त्याच्याभोवती गोळा होतात. त्यांना खायला शॅड नावाचे बोटभर चंदेरी मासे येतात. शॅडला खायला क्रॅपी येतो, पण तो उजेडाच्या मधोमध सहसा येत नाही, कडेच्या अंधारात, थोडा खाली, वाट पाहतो. जाणता माणूस गळ उजेडात सोडत नाही, उजेडाच्या काठावर सोडतो. हे सगळं जमायला तास-दोन तास लागतात. म्हणून दिवेवाला नाव बांधून बसतो आणि ट्रोलिंगवाल्याशी त्याचं जमत नाही. ट्रोलिंगवाल्याच्या नावेवरचा जांभळट दिवा पुन्हा माणसासाठीच असतो: त्या उजेडात चमकणारा दोरा लावला की दहा काठ्यांतली कुठली हलली ते दिसतं.

मशालीचा कंदील कधी झाला? मधला दुवा म्हणजे गॅसबत्ती. विल्यम कोलमन हा टाइपरायटर विकत हिंडणारा, अधू नजरेचा तरुण. अलाबामातल्या ब्रॉक्टन या गावात त्याने दाबाने जळणारा पेट्रोलचा दिवा पाहिला, आणि त्या उजेडात आपल्याला बारीक अक्षर वाचता येतं याचंच त्याला अप्रूप वाटलं. १९००च्या सुमारास त्याने दिव्यांचा धंदा मांडला तो ओक्लाहोमातल्या किंगफिशर या गावात. किंगफिशर म्हणजे आपला खंड्या! पुढे तो कॅन्सासमधल्या विचिटा शहरात गेला आणि १९१४ साली वाऱ्यापावसात न विझणारा कंदील बाजारात आणला. शेतासाठी, गोठ्यासाठी केलेला हा कंदील नावेत चढायला वेळ लागला नाही.

या कंदिलाचा खरा जीव त्याच्या मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीदार पिशवीत. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे थोरियमच्या संयुगाने त्याला तो पांढराशुभ्र उजेड दिला. थोरियम मिळतं मोनाझाइट वाळूतून. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला युरोपात आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं. काथ्या त्रावणकोरचा होता. त्यानंतर काही दशकं त्रावणकोरचा किनारा जगातल्या मेंटलांना थोरियम पुरवणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक होता. टेनेसीतल्या एखाद्या नावेत केरळची वाळू उजळली असेल, असं म्हणायला हरकत नाही. कोकणात पहिल्या पावसात गॅसबत्तीला पंप मारून वहाळात कुर्ल्या धरायला गेलेल्यांना त्या बत्तीची फुसफुस आठवत असेल. तिची आणि कोलमनच्या कंदिलाची आजी एकच.

आणि तळी? ती बहुतेक धरणांची. १९२७च्या महापुराने मिसिसिपी नदीचं खोरं बुडालं, आणि त्यानंतरच्या पूरनियंत्रण योजनांतून मिसिसिपी राज्यात सार्डिस (१९४०), अर्काबुट्ला (१९४३), एनिड (१९५२) आणि ग्रेनाडा (१९५४) ही चार धरणं झाली. क्रॅपीवाल्यांची ही चार धामं. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने नॉरिस धरण १९३६ला पुरं केलं. त्यासाठी सुमारे ३,००० कुटुंबं उठवली. १९४४च्या केंटकी धरणामागे १८४ मैल लांबीचं पाणी साठलं आणि बर्मिंगहॅम नावाचं एक अख्खं गाव त्याखाली गेलं. बुडालेल्या झाडांची खोडं, कुंपणं, पायवाटा यांच्या आडोशाला क्रॅपी राहतो. मुळशी-कोयनेची आठवण असलेल्या वाचकाला इथे वेगळं काही सांगायला नको. आज्यापणज्यापासूनचं म्हणून सांगितलं जाणारं तळं असं बऱ्याचदा आजोबांच्या तरुणपणातलं निघतं.

नाव हळू चालवायची मोटरही त्याच वयाची. १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट याने फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि नावेला लावला. त्याच्या कंपनीचं नाव मिन कोटा. आज बहुतेक नावांच्या नाकाडावर असते ती बिनआवाजाची विजेची मोटर याच घराण्यातली. हिच्याशिवाय ताशी मैलाच्या आतलं ट्रोलिंग म्हणजे रात्रभर वल्ही मारणं.

नंतरच्या वस्तूंविषयी मी घाईने सांगतो, कारण त्यांचा मला फारसा लळा नाही. १९५०च्या दशकाच्या शेवटी कार्ल लॉरन्सने मासेवाल्यांसाठी ध्वनिलहरींवर चालणारं हिरवं डबडं काढलं, आणि खालचं पाणी ‘दिसू’ लागलं. २०१८ मध्ये गार्मिनच्या लाइव्हस्कोपने कमाल केली: नावेपुढचा एकेक मासा पडद्यावर हलताना दिसतो, आपला गळ त्याच्या तोंडासमोर जाताना दिसतो, आणि तो तोंड फिरवून निघून जातानाही दिसतो. दिव्याची, किड्यांची, दोन तासांच्या बैठकीची गरज उरत नाही. हा खेळ आहे की नेमबाजी, यावर तिकडे बरंच भांडण चालू आहे. माझ्या मते ही पुन्हा मशालच आहे: माणसाला मासा दिसतो, मग तो भाला मारतो. फरक एवढाच की आता उजेड पाण्यावर नाही, माणसाच्या तोंडावर पडतो.

कोकणातल्या वाचकाच्या मनात इथे एलईडी बोटी आल्याच असतील. किडे, बारकी मासळी, मोठी मासळी ही साखळी समुद्रातही अशीच चालते. पण तिथे उजेडाच्या काठावर एक गळ नसतो, सगळं गोळा झालं की अख्खं जाळं फिरतं. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर कधी कधी ते पांढरे ठिपके दिसतात, आणि गावातले रापणवाले त्यांच्याकडे बघून जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

जॉन व्हाइटची चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २००७ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. एरवी नावेत जाळ पेटलेलं ते चित्र बहुतेक काळ अंधारात बंद असतं, कारण त्या जलरंगांना उजेड सोसत नाही.